पेव्हर आणि गोट्यांची पायवाट: पावसाळ्यात न खचणारी वाट घरी कशी करायची

बंगल्याच्या अंगणात फाटकापासून ओट्यापर्यंत किंवा मागच्या नळापर्यंत पेव्हर मांडायचे, मधल्या जागेत गोटे भरायचे. दोन दिवसांचं काम वाटतं, आणि दोन दिवसांत उरकलंही जातं. पहिल्या पावसाळ्यानंतर तीच वाट पाहायला जा. निम्मे पेव्हर डगमगतात, गोटे चिखलात रुतलेले असतात आणि मधून लव्हाळा डोकं काढून उभा असतो. मग दोष गोट्यांना दिला जातो, नाहीतर गवंड्याला. खरी चूक बहुतेक वेळा जमिनीखाली आणि कामाच्या क्रमात असते. म्हणून या लेखात पेव्हर मांडण्यापेक्षा त्याआधीच्या कामांवर जास्त लिहिलं आहे. ती कामं या क्रमानेच करा.

उदाहरण म्हणून ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद वाट धरली आहे. दोन्ही कडांना ३ इंची बांधीव किनार, आत १८ × १८ इंची आणि ६० मिमी जाडीचे सिमेंटचे पेव्हर, आणि त्यांच्या चारही बाजूंनी २० ते ४० मिमीचे गोटे. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशेबाची पद्धत हीच राहील.

टप्पा १: सामान आणण्याआधी जागा वाचा

सगळ्यात आधी खाली काय पुरलेलं आहे ते शोधा. ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँकचं झाकण, पाण्याच्या पाइपचा व्हॉल्व्ह, मोटारीची केबल, अर्थिंगचा खड्डा. ज्या प्लंबरने किंवा वायरमनने काम केलं असेल त्याला फोन करून विचारा. चेंबरचं झाकण वाटेखाली गाडून टाकणं ही फार होणारी चूक आहे, आणि ड्रेनेज तुंबलं की अख्खी वाट उखडावी लागते. झाकण वाटेत येतच असेल तर वाट बाजूने वळवा, नाहीतर झाकण पेव्हरच्या माथ्यापर्यंत उचलून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसात अंगणातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे घरातल्या माणसांना ठाऊक असतं, पण काम काढताना त्याचा विचार राहून जातो. पाण्याच्या वाटेत आडवी किनार बांधली की वरच्या बाजूला तळं होतं. घराच्या जोत्याकडे पाणी वळेल असा ढाळ तर कधीच देऊ नका.

तिसरी गोष्ट झाडं. आंबा, चिकू, नारळ यांच्या अगदी बुंध्याशी खोदू नका. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडण्याऐवजी वाट थोडी सरकवा. मूळ तोडल्याने झाडाचं नुकसान होतंच, शिवाय नवीन मुळं पायाच्या खडीत शिरून पेव्हर उचलतात. आंब्याखाली गोट्यांची रुंदी कमीत कमी ठेवा. गोट्यांत अडकलेला पाचोळा झाडूने निघत नाही, हाताने वेचावा लागतो.

चौथी गोष्ट माती, आणि तिच्याविषयी थोडं सविस्तर.

मराठवाडा, विदर्भ, नगर, सोलापूर आणि नाशिक-पुण्याचा पुष्कळ भाग इथे काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तुमची वाट तिच्यावर बसलेली असेल, तर ती वर्षातून एकदा उचलली जाईल आणि एकदा खाली बसेल. अशा जमिनीत माती काढून तिथे मुरूम भरणं हाच उपाय. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची तांबडी माती मिळते. ती फुगत नाही, पण तिथला पाऊस इतका की ढाळ चुकला तर खालची बारीक भर वाहून जाते, आणि सावलीच्या जागी शेवाळ धरतं. मुरमाड जमीन मिळाली तर काम निम्मं झालं.

तपासणी: मूठभर ओली माती घेऊन बोटांत वळून पाहा. लांब चिकट वळी तुटल्याशिवाय होत असेल तर ती माती पायासाठी निकामी समजा. आठ इंच खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसलं तर पाण्याला बाहेर काढण्याची सोय वेगळी करावी लागेल.

हंगाम: काळ्या मातीत हे काम भर मे महिन्यात काढू नका. तेव्हा जमीन आकसलेली असते, आणि मृगाचा पाऊस लागला की फुगून सगळं वर ढकलते. नोव्हेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत जमिनीत मध्यम ओल असते, ती वेळ उत्तम. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यातही चालतं, फक्त किनारीचं सिमेंटकाम पावसाच्या तीन आठवडे आधी संपवा.

टप्पा २: पावलं मोजा, मग आखणी

पेव्हरमधलं अंतर कागदावर ठरवू नका. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, त्या जागेवरून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. जमिनीवर फक्की (आखणीची पांढरी भुकटी) किंवा पीठ भुरभुरलं की पावलं उमटतात. साधारणपणे एका पेव्हरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २२ इंच अंतर बहुतेक घरांना जमतं. १८ इंची पेव्हर असेल तर दोघांत ४ इंचांची फट राहते. फट ६ इंचांच्या पुढे गेली की म्हाताऱ्या माणसांचा पाय गोट्यांवर पडतो, आणि गोट्यांवर चप्पल घसरते. पहाटे अनवाणी फुलं तोडायला जाणाऱ्यांनाही ते टोचतं. दिसायला मोठी फट छान वाटते, पण मी तिच्या बाजूचा नाही.

आखणीसाठी खुंट्या, लाईनदोरी, मीटर टेप आणि फक्की एवढं पुरतं. वाट ओट्याला काटकोनात मिळायची असेल तर तीन-चार-पाचचा हिशेब लावा: एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजा, तिरकं माप ५ फूट आलं की काटकोन बरोबर. वळणदार वाटेसाठी बागेचा पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून वळण ठरवा आणि त्याच्या कडेने फक्की मारा. वळणं सौम्य ठेवा, कारण तीव्र वळणावर लोक वाट सोडून कुंडीवरून उडी मारतात.

खोदाईची रुंदी वाटेपेक्षा दोन्ही बाजूंना ३ इंच जास्त घ्या, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेतीन फूट. किनार अर्धवट मातीवर बसता कामा नये.

आता दोरीलाच ढाळ द्या. आडवा ढाळ ५० ला १ पुरतो, म्हणजे ३ फुटांत पाऊण इंच, आणि तो घरापासून दूर जाणारा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. पारदर्शक लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर खुणा करा. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते बघा. या खुणा काम संपेपर्यंत पुसू देऊ नका, पुढची सगळी मापं त्यांच्यावरून घ्यायची आहेत.

इशारा: वाटेच्या लांबीत १० फुटांना ६ इंचांपेक्षा जास्त उतार असेल तर गोटे खाली सरकत राहतात. तिथे एखादी पायरी काढा.

टप्पा ३: हिशेब आणि सामान

थरांची बेरीज अशी: पेव्हर अडीच इंच, त्याखाली ग्रिटची (बारीक टोकदार खडीची) गादी १ इंच, त्याखाली खडीचा पाया ४ इंच. एकूण साडेसात. पेव्हरचा माथा जमिनीपेक्षा एक इंच वर ठेवायचा, म्हणजे पावसात आजूबाजूची माती वाटेवर येत नाही. म्हणून खोदाई साडेसहा इंच. काळी माती असेल तर आणखी ६ इंच मुरमासाठी, म्हणजे साडेबारा इंच.

आपल्या वाटेला लागणारं सामान:

- पायासाठी २० मिमीची खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) मिळून सुमारे ४४ घनफूट. दाबून ४ इंच हवेत म्हणून सैल ५ इंच धरले आहेत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा अर्धा ब्रास मागवा.
- काळ्या मातीत मुरूम सुमारे ७० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास.
- ६ मिमीचा ग्रिट ८ घनफूट.
- १८ इंची पेव्हर १६ नग, शिवाय दोन जादा. तोच साचा आणि तोच रंग दोन वर्षांनी मिळत नाही.
- गोटे: किनारीच्या आतलं क्षेत्र ७५ चौरस फूट, त्यातून पेव्हरचे ३६ वजा केले की ३९ उरतात. २ इंच थराने साडेसहा घनफूट, वजनाने साधारण २९० किलो. सव्वातीनशे किलो घ्या.
- न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड, १५० ते २०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), दोन थरांना पुरेल एवढं.
- किनारीसाठी पक्क्या भाजलेल्या विटा, कडप्प्याच्या पट्ट्या किंवा तयार सिमेंटचे कर्ब. कोकणात जांभ्याच्या पट्ट्या. लाकडी किनार लावू नका, वाळवी सोडत नाही.
- २ इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. कशासाठी ते पुढे येईल.

खोदलेल्या मातीचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा. साडेबारा इंच खोदाईत फुगलेली माती सव्वा ब्रासहून जास्त निघते. ती दारात पडून राहिली की पाऊस तिला पुन्हा वाटेवर आणून टाकतो.

पेव्हर निवडताना वरचा पृष्ठभाग खरखरीत बघा. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट बाहेरच्या वाटेवर नको, ओला झाला की पाय सटकतो. शहाबादी फरशी लावायची असेल तर पॉलिश न केलेली आणि किमान दीड इंच जाड घ्या. एक इंची फरशी खाली जरा पोकळ राहिली की तडकते. वाटेवरून गाडी जाणार असेल तर ६० मिमीचे पेव्हर पुरणार नाहीत, ८० मिमी लागतील आणि पायाही जाड लागेल. हा लेख फक्त पायी चालण्याच्या वाटेसाठी आहे.

गोटे २० ते ४० मिमीचेच घ्या. दहा मिमीचे बारीक गोटे चपलेत अडकून घरात येतात, आणि आळीतली मांजरं ती जागा आपल्या सोयीची मानतात. पांढरे शुभ्र संगमरवरी गोटे दुकानात सुंदर दिसतात, पण झाडाखाली एका पावसाळ्यात हिरवट होतात. नदीचे रंगीबेरंगी मिश्र गोटे डाग झाकतात. आणि ते दुकानातून, बिलासह घ्या. नदीपात्रातून पोती भरून आणू नका. वाळू आणि गोटे गौण खनिजात मोडतात, परवानगीशिवाय उचलणं बेकायदा आहे.

टप्पा ४: तण मारून खोदाई

फक्की मारल्यावर लगेच कुदळ उचलू नका. त्या पट्ट्याला आधी पाणी द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. लव्हाळा, हरळी, कुंदा, जे काही जमिनीत आहे ते उगवून वर येईल. आता कुठे काय आहे ते दिसतं. लव्हाळा नुसता उपटून उपयोग नाही. त्याची पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते, तीच पुन्हा फुटते. पात धरून शेजारून खुरपं खोल घालायचं आणि दोऱ्यासारख्या मुळाला लागून असलेल्या काळपट गाठी एकेक करून काढायच्या. त्या बागेतल्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा. लव्हाळ्याचा कोंब टोकदार असतो आणि कापडही भेदून वर येतो, म्हणून पुढे कापड घालायचंच आहे या भरवशावर इथे सैल राहू नका.

मग खोदाई. वरची चांगली माती वेगळी काढून वाफ्यांना द्या. खोली दोरीपासून मोजा, जमिनीपासून नाही. जमीन वरखाली असते, दोरी सरळ असते. मापाची एक काठी कापून घेतली की मजुरालाही सोपं जातं.

तळालाही वरच्यासारखाच ढाळ हवा. पेव्हर आणि गोट्यांची वाट वरून उघडी असते. पावसाचं पाणी गोट्यांतून सरळ पायात उतरतं, आणि काळ्या मातीत खणलेल्या चरातून ते बाहेर पडू शकत नाही. चर भरतो, तळाची माती लापशी होते आणि खडी तिच्यात बुडते. वाट खचण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. म्हणून तळ सर्वांत सखल टोकाकडे उतरता ठेवा आणि तिथून एक वीतभर रुंद चर काढून, त्यात खडी भरून, तो वाफ्याकडे किंवा गटाराकडे नेऊन सोडा.

तळ सैल असेल तर थोडं पाणी शिंपडून धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड हत्याराने) ठोका. कुठे मऊ लागलं तर तेवढा भाग खणून मुरूम भरा.

इशारा: पाया भरण्याआधी ते २ इंची पाइपचे तुकडे वाटेखालून आडवे टाका, एक सुरुवातीला आणि एक मध्यावर, आणि टोकं कापडाने बंद करा. पुढे ठिबकची नळी किंवा बागेतल्या दिव्याची वायर न्यायची झाली तर वाट फोडावी लागणार नाही. टोकांच्या जागा मोजून कुठेतरी लिहून ठेवा.

टप्पा ५: कापड, मुरूम, खडी

तळावर कापडाचा पहिला थर अंथरा. त्याचं काम मातीला खडीत मिसळू न देणं. जोडावर एक फूट तरी एकावर एक येऊ द्या आणि बाजूंना वर वळवा. या जागी काळा प्लास्टिकचा कागद घालायची सवय पडली आहे, ती सोडा. प्लास्टिकवर पाणी साठतं, त्यात डास होतात, आणि वरची गादी सरकते. कापडातून पाणी जातं, माती जात नाही.

काळ्या मातीत आता मुरूम. तो एकदम ओतून वरून धुम्मस करणं ही आणखी एक हमखास चूक. वरचे तीन इंच घट्ट होतात आणि खालचा सैलच राहतो. चार इंचांचा सैल थर पसरा, पाणी मारा, ठोका, मग पुढचा. पाणी किती मारायचं? ओलसर मुरूम मुठीत आवळून लाडू वळून पाहा. लाडू टिकला आणि बोटाने दाबल्यावर दोन तुकडे झाले तर ओल बरोबर. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं, त्याला एक दिवस सुकू द्या. लाडू वळलाच नाही तर आणखी शिंपडा.

त्यावर खडी आणि कच. दोन्ही आधी बाहेर मिसळून घ्या, सुमारे दोन भाग खडीला एक भाग कच. नुसती खडी ठोकली तर गोळ्या हलतच राहतात, कच मधल्या पोकळ्या भरून त्यांना धरून ठेवते. हाही पाया अडीच इंचांच्या दोन सैल थरांत ठोका. तीस फुटांच्या वाटेला हातधुम्मस पुरतो. मोठी वाट असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा.

घाई करायची जागा ही नाही. इथे अर्धा दिवस वाचवला तर दर पावसाळ्यानंतर पेव्हर उचलत बसावं लागतं.

तपासणी: दहा मिमीची सळई हाताच्या जोराने खाली दाबा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेली तर पुन्हा ठोका. टाच मारून चाला, ठसा उमटता कामा नये. मग सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून ढाळ आणि खळगे बघा. अर्ध्या इंचापेक्षा मोठा खळगा खडी-कचेनेच भरा. तो पुढे ग्रिटने भरला जाईल असं म्हणून सोडू नका. गादीची जाडी एका जागी एक इंच आणि दुसऱ्या जागी दोन इंच झाली की पेव्हर वेगवेगळे बसतात.

टप्पा ६: किनार आधी, पेव्हर नंतर

बहुतेक जण पेव्हर आणि गोटे टाकून झाल्यावर किनार बांधतात. तोवर गोटे बाहेर पसरलेले असतात आणि गादीचा ग्रिट कडेने निसटलेला असतो. किनार आधी झाली की तिच्याच माथ्यावर पट्टी टेकवून गादी सारखी करता येते. एक काम दोनदा उपयोगी पडतं.

ठोकलेल्या पायावर १:४ सिमेंट-वाळूच्या मालात विटा किंवा पट्ट्या बसवा. माथा पेव्हरच्या माथ्यापेक्षा अर्धा इंच वर ठेवा, म्हणजे गोटे अडतील आणि पायाला ठेच लागणार नाही. बाहेरच्या बाजूने मालाचा तिरका टेकू द्या, तो जमिनीखाली लपतो. हा टेकू नसेल तर वर्षभरात किनार बाहेर कलंडते.

ढाळाच्या खालच्या बाजूला दर चार-पाच फुटांवर अर्ध्या इंचाची फट मोकळी सोडा. पाण्याला बाहेर जायला दार हवं. सगळ्यात सखल टोकाला, जिथे आपण खडीचा चर काढला आहे, तिथे फट नक्की हवी.

सात दिवस पाणी मारा. या काळात कुणी किनारीवर उभं राहू नये.

तपासणी: बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पाणी घराकडे वळलं किंवा मध्ये थांबलं तर दुरुस्ती आत्ताच करा. आत्ता घमेलंभर खडीत काम होतं.

टप्पा ७: गादी आणि पेव्हर

पायावर कापडाचा दुसरा थर, किनारीला चिकटून. त्यावर ग्रिट.

इथे वाळू का नको, हे समजून घ्या. पेव्हर ब्लॉक एकमेकांना चिकटून लावले असते तर खाली जाडी वाळू चालली असती, कारण मधले सांधे बंद असतात. आपल्या वाटेत पेव्हरच्या चारही बाजू उघड्या आहेत. पावसाचं पाणी गोट्यांतून वाहताना पेव्हरखालची वाळू घेऊन जातं, आणि कोपरे पोकळ होतात. सहा मिमीचा टोकदार ग्रिट वाहत नाही आणि एकमेकांत अडकून बसतो. कचही या थरात नको, तिच्यातली भुकटी ओल धरून ठेवते.

ग्रिट सव्वा इंच पसरून किनारीवर टेकवलेल्या पट्टीने ओढून सारखा करा. सारखा केलेल्या ग्रिटवर पाय देऊ नका. एका टोकापासून सुरुवात करा आणि बसवलेल्या पेव्हरवर उभं राहून पुढचा लावा. पहिला पेव्हर टोकापासून ६ इंच आत, मग दर २२ इंचांना एक. या मापात सोळा पेव्हर बसतात आणि शेवटीही ६ इंच उरतात. कडेची जागाही दोन्हीकडे ६ इंच. प्रत्येक वेळी टेपने मोजण्यापेक्षा ४ इंच रुंदीची एक फळी दोन पेव्हरमध्ये धरा.

असा पेव्हर सिमेंटचा असेल तर तीस किलोच्या आसपास भरतो. दोघांनी उचला आणि सपाट खाली सोडा. एक कड आधी टेकवून दुसरी आपटली तर ग्रिटमध्ये खळगा पडतो. मग रबरी हातोड्याने मधून कोपऱ्यांकडे ठोका. पाव इंच खाली बसायला हवा. शेजारच्या दोन पेव्हरवर पट्टी ठेवून माथा तपासा. एखादा खाली गेला असेल तर तो उचला, ग्रिट घाला, पुन्हा बसवा. एका कोपऱ्याखाली दगडाची चिप सरकवून भागवू नका. भार त्या एकाच टोकावर येतो आणि पेव्हर तिथूनच तुटतो.

शहाबादी फरशी असेल तर ती वजनाने हलकी आणि जाडीने कमी, म्हणून तिच्याखाली एक भाग सिमेंट आणि आठ भाग ग्रिट असं कोरडं मिश्रण घाला, बसवून झाल्यावर वरून झारीने पाणी शिंपडा आणि दोन दिवस पाय देऊ नका. जाडीत जो फरक पडतो तेवढा पाया उंच धरा.

पेव्हर कापायची वेळ आली तर ग्राइंडरवर पाणी सोडत कापा. कोरड्या कापण्यातून उडणारी बारीक धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. साधा रुमाल तिला अडवत नाही. चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावूनच काम करा, मजुरालाही द्या.

तपासणी: प्रत्येक पेव्हरच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने उभे राहा. जरा जरी डुलला किंवा टकटक आवाज आला तरी उचलून पुन्हा बसवा. गोटे भरल्यावर हे करणं जिकिरीचं होतं.

टप्पा ८: गोटे

गोटे आधी धुवा. पोत्यातून थेट ओतले तर त्यांची भुकटी आणि माती खाली ग्रिटमध्ये बसते आणि तणाला आयती जागा मिळते. घमेल्यात घेऊन, नितळ पाणी निघेपर्यंत दोन-तीनदा धुवा आणि जाळीवर निथळू द्या.

भरताना एका टोकापासून हाताने पसरत जा. टोपलं उंचावरून उपडं केलं तर पेव्हरच्या कडा उडतात. गोट्यांचा माथा पेव्हरपेक्षा अर्धा इंच खाली राहू द्या. हे अर्धा इंच सोडायचं कुणालाच आवडत नाही, भरगच्च वाट जास्त छान दिसते असं वाटतं. पण काठोकाठ भरलेले गोटे पावलाबरोबर पेव्हरवर येतात, आणि पेव्हरवर पडलेला एक गोल गोटा रात्रीच्या वेळी पाय मुरगळायला पुरेसा आहे. उरलेले गोटे पोत्यात ठेवा, पहिल्या वर्षी ते थोडे खाली बसतात.

किनारीच्या फटीतून गोटे निसटत असतील तर आतून त्या जागी मोठे गोटे लावा. सिमेंटने फट बुजवू नका.

पहिल्या पावसाळ्यात आणि नंतर

पहिला मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन वाटेवर जा. पाणी फटींतून बाहेर येतंय का, कुठे तुंबतंय का, हे त्या वेळीच कळतं. तुंबत असेल तर बहुधा सखल टोकाची फट पाचोळ्याने बंद झालेली असते.

शेवाळ धरलं तर ताठ केसांच्या खराट्याने आणि पाण्याने घासा. ॲसिड किंवा ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर ओतू नका. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, ॲसिड त्यांचा पृष्ठभाग खातं, सिमेंटच्या पेव्हरचंही तेच होतं, आणि शेजारच्या झाडांना ते पाणी मिळतं. पुन्हापुन्हा शेवाळ येत असेल तर वरच्या फांद्या थोड्या छाटून ऊन येऊ द्या.

तण दोन पानांवर असतानाच उपटा. गोट्यांवर वाऱ्याने आलेली माती साचते आणि बी त्यात रुजतं, म्हणून दिवाळीआधी एकदा वरचे गोटे काढून, धुऊन, परत टाकणं चांगलं.

एखादा पेव्हर बसलाच तर घाबरायचं कारण नाही. भोवतीचे गोटे बाजूला करा, पहारीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून पेव्हर उचला, आणि खाली बघा. ग्रिट नुसता दबला असेल तर भर घालून परत बसवा. कापड फाटून मऊ माती वर आली असेल तर तेवढा चौकोन तळापर्यंत उकरून मुरूम आणि खडी थराथराने ठोका, कापडाचा तुकडा चहूबाजूंनी फूटभर जादा ठेवून पसरा, मग ग्रिट आणि पेव्हर. शेजारचे दोन पेव्हरही त्याच वेळी कोपऱ्यांवर उभं राहून तपासा, कारण पाणी शिरलं असेल तर ते एकाच पेव्हरखाली थांबलेलं नसतं.